सही माझी, नवरा त्यांचा

नवऱ्याच्या दातांची जबाबदारी मी सही करून घेतली आहे हे कळलं, तेव्हा माझ्या सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. डोळ्यांचीही घेतली होती. अन्न, कपडे, छप्पर, थंडीत घर गरम ठेवायची सोय, आणि सरकारी दवाखान्यात जे फुकट होत नाही ते सगळं, म्हणजे दात आणि चष्मा. कॅनडाच्या सरकारला मी लिहून देत होते की या माणसाला येऊ द्या, तो आल्यापासून तीन वर्षं तुमच्या दारात हात पसरणार नाही, त्याला जे लागेल ते मी बघेन.

हे वाचन पाटोद्याला, सासरच्या पुढच्या खोलीत झालं. दिवाणावर सासरे, खाली सतरंजीवर सासूबाई, दाराला टेकून दीर, आणि खुर्चीत माझा नवरा, मोबाइलमध्ये. लग्नाला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. सासऱ्यांनीच फर्मान काढलं होतं, काय लिहिलंय ते मराठीत सांग.

"म्हंजी पोराला तू पोसणार?" सासूबाईंनी विचारलं.

"तिथल्या सरकारला तसं लिहून द्यावं लागतं, आत्या."

"आन् दात?"

"दातबी."

 सासऱ्यांचं खत-बियाण्यांचं दुकान होतं आणि कोणताही कागद हवा तसा लिहून मिळतो यावर त्यांची श्रद्धा होती. ते म्हणाले, "हे उलटं झालंय. त्याचं नाव वर घाल, तुझं खाली घे."

"मामा, तिकडं मी राहते. नोकरी माझी हाय. त्यांचं नाव वर कसं येईल?"

"घालणाऱ्यानं घातलं तर येतं."

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं बीडला गेले. तिथे अर्ज भरून देणारा त्यांच्या ओळखीचा एक माणूस होता. तो म्हणाला, होतंय की, त्यात काय. जात प्रमाणपत्राचं होतं, सातबाऱ्याचं होतं, मग कॅनडाचं का होणार नाही? मी सांगितलं की तिथं खोटं लिहिलेलं सापडलं तर पाच वर्षं दार बंद होतं. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मुलगा परदेशी जावा, पण बायकोच्या नावाखाली जाऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. परदेश त्यांना हवा होता, बायको अडचणीची होती.

मुळात ही बायको त्यांनी कशासाठी केली ते सांगायला हवं. मी घाटनांदूरची. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या वडिलांचं किराणा दुकान आहे. आम्ही शंकराची माणसं, कपाळाला विभूती, घरात मांसमच्छी नाही, आणि पिढ्यान् पिढ्या तराजू. बारावीनंतर मी अंबाजोगाईला नर्सिंगला जायचं म्हटलं तेव्हा माझे चुलते आमच्या दुकानात येऊन, गिऱ्हाइकांसमोर वडिलांना म्हणाले होते, "वाण्याची पोरगी लोकांची हागणी-मुतणी काढणार? गावात तोंड दाखवायचं का न्हाई आमी?" वडील गूळ तोलत होते. तोलून झाला, पुडी बांधली, गिऱ्हाईक गेलं, मग म्हणाले, "फी भरून आलोय." विषय तिथं संपला.

अंबाजोगाई, मग पुणे, मग कॅनडा. मनिटोबा प्रांतातल्या एका लहान गावात म्हाताऱ्या माणसांचं निवासस्थान आहे, तिथे मी लागले. तिथलं कायमचं राहण्याचं कार्ड, म्हणजे पीआर, मिळालं, आणि ज्या चुलत्यांना तोंड दाखवायची पंचाईत होती तेच एक दिवस हसतमुखानं आमच्या घरी स्थळ घेऊन आले. पाटोद्याचं. मुलगा कृषी पदवीधर, दिसायला देखणा, निर्व्यसनी, दुकानात वडिलांच्या हाताखाली.

बघायला आले तेव्हा मी सुट्टीवर होते. माझं वय तिशीच्या पुढे गेलेलं. सावळी आहे, उंच नाही, चष्मा आहे. एरवी यातल्या एकेका गोष्टीवर आमच्याकडे तासभर चर्चा होते. त्या दिवशी कुणी पोहे कुणी केले हेसुद्धा विचारलं नाही. सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "पीआर झालंय ना?" झालंय म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे असे उजळले की माझ्या आईला वाटलं मुलगी पसंत पडली.

मीही हो म्हटलं. मला तो आवडला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. बोलायला मोकळा होता, हसवायचा. एकटीनं बर्फात राहून मला घरी कुणीतरी मराठीत हाक मारावी असं फार वाटायला लागलं होतं. तो रोज फोन करायचा, त्याची सकाळ आणि माझी संध्याकाळ जुळवून. त्या फोनांनीच मला हसायची सवय लावली, आणि मग ती तुटणं जड गेलं.

लग्न अंबाजोगाईला झालं. मंगळसूत्र घालून होईपर्यंत मी नवरी होते, त्यानंतर मी सगळ्या कुटुंबाचा व्हिसा झाले. लग्न खरं आहे हे तिथल्या अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं. त्यासाठी फोटो लागतात, फोनवरच्या गप्पांचे पुरावे लागतात, आणि घरच्या माणसांची पत्रं लागतात, की होय, ही जोडी आम्हाला ठाऊक आहे. सासूबाईंनी सांगितलं आणि दिरानं लिहून घेतलं: आमची सून गुणी आहे, नम्र आहे, आमच्या मुलावर तिचा फार जीव आहे, तिच्यावाचून तो राहू शकत नाही. सासूबाईंनी माझं कौतुक केलं ते तेवढंच, आणि तेही एका परक्या अधिकाऱ्यापुढे.

मग नवऱ्याच्या सहीची वेळ आली. ज्याला बोलावतात त्यालाही काही कबूल करावं लागतं. आपण स्वतःच्या पायावर उभं राहायचा पुरेपूर प्रयत्न करू, असं. मी कागद त्याच्यापुढे सरकवला.

"हे काय हाय?"

"वाचा की."

"तू वाचलंय ना? मंग झालं."

त्यानं झोकात सही केली, खाली रेघ ओढली, रेघेखाली दोन टिंबं दिली.

दीर तोवर माझ्या मागेमागे होता. "वैनी, एवढं लिहितीयास तर मला बी टाक की त्यात. एका ओळीचं काम." नणंदेचा नवरा शिरूरहून खास आला. त्याला बायकोमुलांसकट जायचं होतं. मी समजावून सांगितलं की नवऱ्याला बोलावता येतं, आईबापाला येतं, धडधाकट दिराला येत नाही, नंदावयाला तर नाहीच. हे ऐकून घरात असं बघितलं गेलं जणू हा नियम मीच रात्रीतून केला. पुढचं वर्षभर दीर पाटोद्यात सांगत फिरला, "न्यायचं न्हाई म्हणून नियम दाखवितीय." या माणसाच्या मते मी त्याच्या भावाला दातांसकट पोसणार होते ते ठीक, पण मन मोठं असतं तर त्यालाही पोसलं असतं.

मी परत गेले. अर्ज पुढे सरकत राहिला. वैद्यकीय तपासणी झाली, पोलिसांचा दाखला झाला, आणि व्हिसा आला तेव्हा त्याला घ्यायला मी पुन्हा रजा काढून आले. पाटोद्याच्या स्टँडवर उतरले तर समोरच फ्लेक्स. माझा नवरा कोट घालून, छातीवर हाताची घडी, मागे विमान आणि एक धबधबा. वरच्या ओळीत तालुक्यातले पुढारी, खाली दीर, नंदावई, चार मित्र, दोन भाचे आणि एका भाच्याचा कुत्रा. "परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन." मी कुठेच नव्हते. कुत्र्याला जागा सापडली होती.

संध्याकाळी सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. नवऱ्यानं भाषण केलं. स्वतःच्या हिमतीवर सातासमुद्रापार जाणं सोपं नसतं, असं तो म्हणाला, आणि तालुक्याचं नाव तिकडे गाजवायचं आश्वासन दिलं. मी बायकांच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "तुमी बी चाललाव का संगं?"

"व्हय," मी म्हटलं. "सोबतीला."

कॅनडातल्या दिवसांचं फार सांगावं असं काही नाही. पहिला आठवडा तो बर्फाचे व्हिडिओ काढून पाठवत होता. मग मी ओळख काढून त्याला एका गोदामात काम मिळवून दिलं, खोकी उचलून लावायचं. तिथली मुकादम बाई होती. चौथ्या दिवशी तो घरी बसला. म्हणाला, बाईच्या हाताखाली खोकी उचलायला मी पदवी घेतली नाही. पेट्रोल पंपावर सांगितलं, तर लोक काय म्हणतील. मी म्हटलं, कोणते लोक? इथं तुम्हाला ओळखतं कोण? त्यावर तो खरोखर दुखावला. आपल्याला इथं कुणी ओळखत नाही, हा विचार त्यानं केलाच नव्हता.

मी पहाटे कामाला जायची, म्हाताऱ्यांना उठवायची, पुसायची, कपडे घालायची, भरवायची. घरी येऊन स्वयंपाक करायची आणि तो पाटोद्याला फोनवर असायचा. एकदा मी दारातून आत येत होते आणि स्पीकरवर सासूबाईंचा आवाज येत होता. "तिच्या हातचं जेवतूस कसा रं? दिसभर लोकांची घाण काढती ती." तो म्हणाला, "काय करू, दुसरं कोण हाय इथं." मी ताट वाढलं. तो जेवला. दोनदा वरण मागून घेतलं.

त्या दिवसानंतर मी त्याच्याशी गोड बोलायचं सोडलं, एवढंच. भांडण मोठं असं कधी झालंच नाही. एक दिवस तो आपल्या भागातून तिकडे आलेल्या दोन पोरांच्या खोलीत राहायला गेला. पोरं बरी होती, पण त्यांच्यातल्या एकानं त्याला सांगितलं की इथं बेकाराला सरकार मदत देतं. माझ्या नवऱ्यानं जाऊन अर्ज केला, आणि त्याला मदत सुरू झाली. मला कळलं ते त्या कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा. या माणसाची हमी तुम्ही दिली आहे, त्याला दिलेली मदत तुमच्याकडून वसूल होईल.

मी त्याला फोन केला.

"सरकार देतंय," तो म्हणाला. "तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माझ्याच पगारातनं जातंय ते. तुमाला वाचून दाखवलं होतं."

"कवा?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. मी वाचत होते तेव्हा तो मोबाइलमध्ये होता. पत्रात आणखी एक ओळ होती, आणि ती मला जास्त लागली. ही वसुली पुरी होईपर्यंत मला दुसऱ्या कुणालाही बोलवता येणार नव्हतं. मी त्याच वर्षी आईवडिलांसाठी अर्ज करायच्या तयारीत होते.

हिवाळा संपायच्या आत तो परत गेला. हवा मानवत नाही म्हणाला. पाटोद्यात सांगितलं की बायको कामापायी वेडी झाली आहे, घराकडे लक्ष नाही.

मार्चमध्ये मी आले तेव्हा घाटनांदूरला आमच्या घरी बैठक बसली. पाटोद्याहून सासू, सासरे, दीर, नवरा आणि समाजातले एक वजनदार गृहस्थ. आमच्याकडून वडील, आणि स्थळ आणणारे चुलते. चुलते दोन्हीकडून होते, कधी या बाजूला मान हलवायचे, कधी त्या. नवऱ्यानं मी घेऊन दिलेलं थंडीचं जॅकेट हातावर टाकून आणलं होतं. बाहेर ऊन मी मी म्हणत होतं, पण परदेशातून आल्याची खूण दुसरी कुठली दाखवणार?

सासूबाईंनी सुरुवात केली. "नांदवायचं न्हवतं तर नेलंस कावून माझ्या लेकराला?"

नांदवणं हा शब्द मी जन्मभर सुनांच्या बाबतीत ऐकत आले होते. मुलगी नांदवत नाहीत, मुलीला नांदवा हो, असा. एका धट्ट्याकट्ट्या पुरुषासाठी तो पहिल्यांदा ऐकला, आणि हसू आवरायला मला पाण्याचा तांब्या तोंडाला लावावा लागला.

"तीन वरीस पोसायचं लिहून दिलंय तू," सासरे म्हणाले. ज्या कागदाची त्यांना लाज वाटत होती तो आता त्यांना तोंडपाठ होता. "खाणं, पिणं, ऱ्हाणं. आमी सगळ्यांनी ऐकलंय."

"सरकारला लिहून दिलंय, मामा. तुमाला न्हवं. आन् सरकारचं मी फेडतीय."

वजनदार गृहस्थांनी घसा साफ केला. "पोरी, संसारात बाईमाणसानं जरा सोसून घ्यावं लागतं. माणूस परक्या मुलखात गेलता. रुळायला येळ लागतो."

 वडील नवऱ्याकडे वळले. "जावईबापू, तुमी तिकडं काय केलं?"

"ॲडजस्ट होत होतो."

"म्हंजी काय करत होता?"

नवऱ्यानं बापाकडे बघितलं. दिरानं त्याच्या वतीनं उत्तर दिलं, "तिथलं वातावरण आपल्याला माहिती न्हाई, काका."

"मला न्हाईच माहिती," वडील म्हणाले. "म्हणून तर इचारतोय."

 माझी आई आतल्या दारात उभी होती. ती चारचौघांत पुरुषांपुढे बोलत नाही, निदान तोवर बोलली नव्हती. ती म्हणाली, "माझी लेक लोकाच्या म्हाताऱ्या आयांना जेवू घालती. तुमच्या लेकालाबी घातलं. तुमी त्या जेवणाला घाण म्हणलाव. आता कशाचं जेवण मागायला आलाव?"

ही गोष्ट मी आईला कधी तरी फोनवर सांगितली होती आणि विसरूनही गेले होते. तिनं ती जपून ठेवली होती. सासूबाई उठल्या, पदर खोचला, आणि आमच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही असं म्हणाल्या. चहा त्या आधीच प्यायल्या होत्या. गाडीत बसताना नवऱ्याचं जॅकेट खुर्चीवर राहिलं म्हणून दीर ते घ्यायला परत आला. चुलते त्यांच्या गाडीपर्यंत गेले, हात जोडले, परत येऊन वडिलांना म्हणाले, "माणसं तशी वाईट न्हाईत." वडील दुकान उघडायला निघून गेले.

त्या रात्री मला झोप लागली, हे मला फार विचित्र वाटलं. रडू येईल म्हणून मी उशाला टॉवेल घेऊन पडले होते.

घटस्फोट दोघांच्या संमतीनं झाला. संमती मिळवायला पाटोद्याला बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या, त्या माझ्या वडिलांनी घातल्या. अंबाजोगाईच्या वकिलांना मी विचारलं, आता तरी ती हमी सुटली का? त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि हसायला लागले. "न्हाई हो बाई. नवरा गेला, नवऱ्याची हमी ऱ्हायली. तीन वर्षं भरूस्तोवर तो तिकडं परत गेला अन् सरकारकडं गेला तर तुमच्याच गळ्यात." तसंच होतं. घटस्फोटानं लग्न मोडतं, सही मोडत नाही. मुदत संपेपर्यंत मी दर हिवाळ्यात धास्तावलेली असायची की हा माणूस विमानतळावर उतरतो की काय. तो उतरला नाही. आळसाला लोक वाईट म्हणतात, मला त्याच्या आळसानं वाचवलं.

आता तो पाटोद्यात परदेशी जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन केंद्र चालवतो. खत दुकानाच्या शेजारच्या गाळ्यात. पोरं येतात, तो जॅकेट घालून बसतो, मागे धबधब्याचा फोटो. स्वतःच्या हिमतीवर कसं जायचं ते शिकवतो. त्याच्यासाठी पुन्हा स्थळं बघणं चालू आहे, आणि आयर्लंडमधल्या एका नर्सची चौकशी झाली असं चुलत्यांनीच मला फोनवर सांगितलं. सांगताना त्यांच्या आवाजात बातमी देण्याचा आनंद होता. मी त्या मुलीचा नंबर मागितला. त्यांनी तो दिला नाही. मीच ओळखीपाळखीतून मिळवला आणि तिला सगळं सांगितलं. आमची गाठ कधी पडलेली नाही, पण दिवाळीला तिचा मेसेज येतो.

वसुली मी फेडली. आईवडिलांचा अर्ज मागे पडला तो पडलाच. तिथे आईबापासाठी आधी नंबर लागावा लागतो, आणि मला पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. गेल्या वर्षी नंबर लागला. मी घाटनांदूरला येऊन दुकानामागच्या खोलीत दोघांना समोर बसवलं आणि नवऱ्याच्या घरी वाचलं होतं तसंच सगळं वाचून दाखवलं. आईबापाच्या बाबतीत मुदत वीस वर्षांची असते.

"वीस?" आई म्हणाली. "लई जगवतंय की गं तुझं सरकार."

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये दोन ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "एवढं डोक्यावर घेतीयास. तुला जड जाईल."

"जाऊ द्या जड."

"आन् दुकान?"

"दुकानाचं तुमी बघा, अप्पा. यायचं का न्हाई ते आधी सांगा."

ते दुकानात गेले. थोड्या वेळानं मला हाक मारून त्यांनी विचारलं की तिकडे ज्वारीचं पीठ मिळतं का, तुझ्या आईला भाकरीशिवाय चालत नाही. मी म्हटलं, मिळतं, पण इथल्यासारखं नाही. ते म्हणाले, मग दळून नेऊ. परवा त्या दोघांची वैद्यकीय तपासणी झाली. वडिलांचे दोन दात काढायला सांगितले आहेत. ते म्हणतात, इथंच काढून घेतो, अंबाजोगाईचा डॉक्टर ओळखीचा आहे. आई म्हणते, काढायचेच असतील तर तिकडं काढू, लेकीनं सही केली आहे. यावरून त्यांचं सकाळपासून भांडण चालू आहे.